आधी पाहुण्यांचं रजिस्टर वाच

पुण्यात एमएसडब्ल्यू करून गेल्या वर्षी व्हँकुव्हरला आलेल्या एका मुलीने विचारलंय. तिचा प्रश्न थोडक्यात असा: “ताई, इथल्या डाउनटाउन ईस्टसाइड या गरीब वस्तीतल्या एका सपोर्टिव्ह हाउसिंगच्या (बेघर झालेल्यांना खोली आणि सोबत मदतीला स्टाफ अशा) बिल्डिंगमध्ये मेंटल हेल्थ वर्कर म्हणून लागले आहे. निम्मे रहिवासी इंडिजिनस, म्हणजे इथले मूळनिवासी आहेत. टीममध्ये साठीच्या एक ‘इंडिजिनस कल्चरल सपोर्ट वर्कर’ आहेत. त्या लोकांबरोबर चहा पितात, सूप करतात, कधी सेज नावाची सुगंधी वनस्पती जाळतात, कुणाला गाडीत घालून कुठेतरी घेऊन जातात. नोट्स दोन ओळींच्या. मॅनेजर म्हणतो, केअर प्लॅनमध्ये ‘कल्चर’चा रकाना तू भर. काय भरू? हे काम नेमकं आहे काय? थेरपी आहे का? आणि माझ्या हातून काही चूक तर होणार नाही ना?”

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. होणार. माझ्या इतक्या झाल्यात की त्यातल्या दोन-तीन इथेच सांगते, म्हणजे तू निदान नव्या करशील.

मी मूळची अमरावतीची. दोन वर्षं मेळघाटात, धारणीला नर्स होते, मग मानसोपचाराकडे वळले. इथे येऊन सतरा वर्षं झाली, त्यातली बारा तुझ्यासारख्याच बिल्डिंगांमध्ये गेली.

तो रकाना तूर्तास कोरा ठेव. उद्या ड्यूटीवर गेलीस की फ्रंट डेस्कवरचं पाहुण्यांचं रजिस्टर उघड. त्याच्या शेजारी बिल्डिंगमध्ये यायला बंदी असलेल्यांची यादी असते, तीही घे. एकेक खोली धरून वाच: कुणाकडे कोण आलं, कुणाला दारातून परत पाठवलं, कुणाकडे ओळखपत्र नव्हतं. मी हे पहिल्यांदा केलं ते आमच्या कल्चरल वर्करने करायला लावलं म्हणून. त्यांना अख्खी बिल्डिंग ‘आंटी’ म्हणायची, मीही म्हणायचे. तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ होते, पंचावन्नच्या आसपासचे, उत्तरेकडच्या नास खोऱ्यातले, निसगा या मूळनिवासी राष्ट्राचे. त्यांच्या फायलीत लिहिलं होतं: ‘एकलकोंडे, कौटुंबिक आधार नाही.’ वाक्य माझंच. आंटीने बंदीची यादी माझ्यापुढे सरकवली आणि पेन्सिलीने सात नावांवर टिंबं केली. सातही त्या गृहस्थांची माणसं. एक रात्री अकरानंतर थांबला म्हणून, एक जिन्यात झोपला म्हणून, एक भाची डेस्कवरच्या पोराला शिव्या घालून गेली म्हणून. “कुटुंब नाही म्हणतेस,” आंटी म्हणाली, “सात तर तुम्हीच हाकललेत.”

त्या दिवसापासून मला हे काम कळायला लागलं असं म्हणता येईल. सेज, ढोल, बॅनक नावाची तळलेली पोळी हे सगळं त्यात येतं, पण खूप नंतर. आधी येतात बिल्डिंगचे नियम. कोण आत येऊ शकतं, किती वेळ बसू शकतं, धूर झाला तर काय होतं, माणूस गेला तर त्याच्या खोलीचं काय होतं. हे न बदलता दर बुधवारी ‘कल्चर’ ठेवलं तर ते शाळेतल्या गॅदरिंगसारखं होतं.

पाहुण्यांबद्दल एक गोष्ट तुला इतरांपेक्षा लवकर कळेल, कारण तू मराठी आहेस. इंग्रजीत ‘अंकल’ म्हटलं की काका, मामा, आत्याचा नवरा, मावशीचा नवरा सगळे एकाच पोत्यात जातात. आपल्याकडे मामा वेगळा, काका वेगळा. लग्नात मामाला जागा असते, जावळाच्या वेळी मांडी असते. निसगा, हैडा, सिमशियन, गिटक्सान ही राष्ट्रं मातृवंशी आहेत. मूल आईच्या कुळाचं. मामा तिथे कौतुकापुरता नसतो. नाव, मान, जबाबदारी मामाकडून भाच्याकडे येते. आणि आपल्या फॉर्मवर काय असतं? ‘इमीजिएट फॅमिली’: आईवडील, नवराबायको, मुलं. त्या फॉर्मप्रमाणे भाचा हा ‘गेस्ट’. दोन तास, ओळखपत्र दाखवून. तू फॉर्म बदलू शकणार नाहीस, पण नात्याच्या ओळीत ‘अंकल’ न लिहिता ‘आईचा भाऊ’ असं पूर्ण लिहू शकतेस. मी तसंच लिहायला लागले. सहा-आठ महिन्यांत टीममधल्या इतरांनीही तसं लिहायला सुरुवात केली, आणि मग मॅनेजरला पाहुण्यांच्या नियमाबद्दल बोलायला काहीतरी हातात आलं.

आता थोडा इतिहास, कारण त्याच्याशिवाय बिल्डिंग दिसत नाही.

कॅनडात १९व्या शतकाच्या अखेरीपासून १९९०च्या दशकापर्यंत सरकारी पैशावर, बहुतेक चर्चच्या ताब्यात, निवासी शाळा चालल्या. सुमारे दीड लाख मुलं त्यात गेली. केस कापले, नावाऐवजी नंबर दिले, भावंडांना वेगळं ठेवलं, स्वतःची भाषा बोलली की मार. चार हजारांहून जास्त मुलांच्या मृत्यूंची नोंद सापडली आहे. १९५० आणि ६०च्या दशकांपासून बाल कल्याण खात्याने हजारो मुलं घरातून उचलून गोऱ्या कुटुंबांत दत्तक दिली, त्याला ‘सिक्स्टीज स्कूप’ म्हणतात. क्षयाच्या रोग्यांसाठी वेगळी ‘इंडियन हॉस्पिटलं’ होती. ब्रिटिश कोलंबियातच नानाइमो, सार्डिस, प्रिन्स रूपर्टजवळ. तिथेही मुलं महिनोन्‌महिने, वर्षंवर्षं घरापासून दूर राहिली. १८८४च्या दुरुस्तीने पॉटलॅचवर, म्हणजे किनारपट्टीवरच्या ज्या सोहळ्यात नाव देणं, दुखवटा, देणंघेणं, न्याय सगळं व्हायचं त्यावर, कायद्याने बंदी आली. ती १९५१ पर्यंत टिकली. निवासी शाळांबद्दल पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २००८ साली, आणि त्या शाळांची चौकशी करणाऱ्या ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन कमिशनने २०१५ मध्ये ९४ कलमी मागण्या मांडल्या. त्यातली २२ क्रमांकाची तुझ्या-माझ्या कामाची: आरोग्यसेवेने इंडिजिनस उपचारपद्धतींचं मोल ओळखावं आणि रुग्ण मागेल तेव्हा तिथल्या हीलर्स आणि एल्डर्सच्या (जाणत्या वडीलधाऱ्यांच्या) मदतीने त्या वापराव्यात. तुझ्या बिल्डिंगमधल्या आंटींची खुर्ची अशा मागण्यांच्या रेट्यातून आलेली आहे.

हे सगळं डोक्यात ठेवून आता बिल्डिंगमध्ये पाऊल टाक. लांब कॉरिडॉर. दोन्ही बाजूंना नंबर असलेली दारं. किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावलेला स्टाफ. ठरलेल्या वेळी जेवण, रांगेत उभं राहून. औषधाची खिडकी. महिन्यातून एकदा खोलीची तपासणी. नातेवाईक आले की वहीत सही. आपण याला ‘सुरक्षित घर’ म्हणतो. पासष्ट वर्षांच्या बाईला, जी सहाव्या वर्षी अशाच कॉरिडॉरमध्ये उभी होती, तिला ते काय वाटत असेल? आमच्या इथे एक आजी कधीही जेवणाच्या रांगेत उभ्या राहायच्या नाहीत. फायलीत ‘भूक मंद, सहभाग नाही’ अशी नोंद. आंटीने ताट झाकून खोलीत न्यायला सुरुवात केली. आजी जेवल्या. कुठलंही ढोलवादन न करता झालेलं हे कल्चरल सपोर्टचं काम आहे आणि नोंदीत ते कधीच येत नाही, कारण ‘ताट झाकून नेलं’ याला कोड नसतो.

‘हाउसिंग फर्स्ट’ तू शिकली असशील. आधी घर द्या, दारू-ड्रग्ज सोडण्याची अट घालू नका. कॅनडात २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांहून जास्त लोकांबरोबर त्याचा मोठा प्रयोग झाला, व्हँकुव्हर त्यातलं एक, आणि लोक घरात टिकतात हे दिसलं. मी त्या विचाराची पक्की समर्थक आहे. पण ‘घर’ म्हणजे काय हे त्यात गृहीत धरलेलं असतं. २०१७ मध्ये मेटी-क्री (मेटी आणि क्री हे इथले दोन इंडिजिनस समाज) अभ्यासक जेसी थिसल यांनी इंडिजिनस बेघरपणाची बारा अंगांची व्याख्या मांडली. तिचा गाभा असा की बेघर होणं म्हणजे छप्पर जाणं एवढंच नव्हे. जमीन, पाणी, नातलग, भाषा, पूर्वज यांच्याशी असलेलं नातं तुटणं हेही बेघर होणंच. म्हणजे आपण खोली देतो आणि फायलीत ‘हाउस्ड’ लिहितो, तेव्हा बारापैकी किती भागलं याचा हिशेब अजून बाकी असतो. मेट्रो व्हँकुव्हरच्या बेघरांच्या मोजणीत इंडिजिनस लोक साधारण एक तृतीयांश येतात, आणि लोकसंख्येत त्यांचा वाटा दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास. हे आकडे नुसत्या घरभाड्याने समजत नाहीत.

तुझा रकाना ‘कल्चर’ एवढाच का म्हणतो, यावरून माझी पहिली चूक आठवली. नवीन होते, उत्साह दांडगा. मेडिसिन व्हील, चार रंगांचं ते चक्र, त्याची पोस्टर्स लॅमिनेट करून प्रत्येक मजल्यावर लावली. तिसऱ्या मजल्यावरचे निसगा गृहस्थ त्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “छान आहे. पण हे प्रेअरीवरचं, गवताळ सपाटीवरचं. माझं नाही.” एकट्या ब्रिटिश कोलंबियात २०० हून जास्त फर्स्ट नेशन्स (मूळनिवासी राष्ट्रं) आहेत आणि तीसेक भाषा. शिवाय मेटी आहेत, ध्रुवाकडचे इनुइट आहेत. सेज मुख्यतः कोरड्या, आतल्या प्रदेशाचं. किनारपट्टीवरच्या कोस्ट सॅलिश लोकांचं झाड म्हणजे सीडर. ते सीडरच्या फांद्यांनी अंगावरून झाडून घेतात, डोक्यापासून पायापर्यंत. दृष्ट काढताना आजी मीठमोहऱ्या ओवाळायची ते मला पहिल्या वेळी आठवलं, पण मी तोंडातून काढलं नाही. बरं केलं. तुलना आपल्या मनात ठेवायला हरकत नाही, त्यांच्यापुढे मांडायची घाई करू नये. व्हँकुव्हर ज्यांच्या जमिनीवर आहे ते मस्क्विअम, स्क्वामिश आणि स्लेवॉटूथ. त्यांनी ही जमीन कधी तहाने दिलेली नाही, हे शहराच्या कौन्सिलनेही २०१४ मध्ये अधिकृतपणे मान्य केलं. क्री माणूसही इथे पाहुणाच आहे, आणि तो ते पाळतो. आपण तर पाहुण्यांचे पाहुणे.

एक एल्डर पहिल्या भेटीत मला म्हणाले होते, “इंडियन? कोणत्या इंडियन?” आणि खो खो हसले. इथल्या कायद्याचं नाव आजही ‘इंडियन अ‍ॅक्ट’, १८७६चा. तू स्वतःबद्दल बोलताना ‘फ्रॉम इंडिया’ म्हण, आणि त्यांना ‘इंडियन’ म्हणू नकोस, ते स्वतःला म्हणत असले तरी.

सेज जाळण्याबद्दल, म्हणजे स्मजिंगबद्दल, तू विचारलं आहेस म्हणून व्यवहाराचं सांगते, कारण तुझा खरा उपयोग इथे आहे. आमच्याकडे पहिल्यांदा आंटीने खोलीत सेज पेटवलं तेव्हा अलार्म वाजला, फायर ब्रिगेडचा ट्रक आला, सहा मजल्यांची माणसं पावसात रस्त्यावर. ज्या माणसासाठी हे चाललं होतं त्याचा भाऊ आठवड्यापूर्वी गेला होता. सगळ्यांनी त्याच्याकडे बघून शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मेल पाठवला: यापुढे स्मजिंग फक्त पार्किंगमध्ये. आंटी काही बोलल्या नाहीत, पण पंधरा दिवस त्यांचा चहाही झाला नाही.

मग मी बसून शोधलं. अलार्म पॅनलवर लक्ष ठेवणाऱ्या कंपनीला फोन करून तेवढ्या वेळासाठी पॅनल ‘टेस्ट’वर टाकता येतं, त्या वेळात एक माणूस मजल्यावर फिरत राहायला हवा, आणि संपल्यावर पुन्हा फोन करून पॅनल चालू झालं का हे विचारायचं. दाराखाली ओला टॉवेल, खिडकी उघडी, शेजारच्या खोल्यांना आधी सांगितलेलं. दम्याचा कुणी असेल तर त्याला खाली कॉफीला बोलवायचं. हे सगळं एका पानावर लिहून मेंटेनन्सवाल्याकडून सही घेतली. सेजचा एक शब्दही त्या पानावर नव्हता, फक्त फोन नंबर आणि वेळा. तू कागदपत्रांत हुशार असशील तर आणखी एक गोष्ट खिशात ठेव: २०२० मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या मानवाधिकार न्यायाधिकरणाने स्वतःच्या घरात स्मजिंग करणाऱ्या एका भाडेकरूच्या बाजूने निकाल दिला आणि घरमालकाला २० हजार डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. हे मीटिंगमध्ये ओरडून सांगायचं नसतं. मॅनेजर ‘इन्शुरन्सवाले काय म्हणतील’ म्हणाला की शांतपणे सांगायचं.

तू स्वतः सेज जाळू नकोस. दुकानात मिळतं, योगा स्टुडिओत मिळतं, तरीही नाही. त्यांना जाळायला मोकळी वाट करून देणं एवढंच तुझं.

आता ‘थेरपी आहे का’. नाही. आणि तसं म्हणवून घ्यायची त्यांना गरजही नाही. पण मानसिक आरोग्याशी त्याचा संबंध कुठे येतो ते एका प्रसंगावरून सांगते, तपशील बदलून.

चाळिशीची एक बाई, कोस्ट सॅलिश. निदान स्किझोअफेक्टिव्ह, म्हणजे भास आणि मनःस्थितीचे चढउतार दोन्ही. इंजेक्शन महिन्याला. एका ऑक्टोबरात तिने सांगितलं की आजी बोलते, रात्री, खोलीच्या कोपऱ्यातून. मी नोंद केली: श्रवणभ्रम वाढले. डॉक्टरांनी डोस वाढवला. ती दिवसभर झोपायला लागली, आजी थांबली नाही. आंटीने तिला जो प्रश्न विचारला तो मी विचारलाच नव्हता: “काय म्हणते आजी?” आजी म्हणत होती, भूक लागलीये.

कोस्ट सॅलिश लोकांमध्ये गेलेल्यांसाठी अन्न जाळायची रीत आहे. जेवण रांधतात, त्यांच्या आवडीचं, आणि जाणते लोक ते अग्नीतून त्यांच्यापर्यंत पोचवतात. त्या बाईच्या आजीसाठी कुणी कित्येक वर्षांत ते केलं नव्हतं. घरातले अर्धे शहरात, अर्धे गेलेले. आपण पितृपक्षात पान वाढून गच्चीवर ठेवतो, कावळा येईपर्यंत ताटकळतो, ‘नातवाचं लग्न करू हो’ असं हवेत बोलतो, तेव्हा आपल्याला कुणी इंजेक्शन देत नाही. आंटीने तिच्या मावशीला शोधलं, मावशीने ज्यांना तो अधिकार आहे त्यांना निरोप दिला. मी काय केलं? गाडीची सोय, सुट्टीच्या दिवसाचा पास, इंजेक्शनची तारीख दोन दिवस पुढे. मी तिथे गेले नाही. मला बोलावलं नव्हतं. ती परत आली तेव्हा म्हणाली, आजी जेवली.

थांब, गोष्ट इथे संपत नाही, आणि इथे संपवणाऱ्या लोकांपासून सावध राहा. त्याच बाईला आणखी एक आवाज यायचा, पुरुषाचा, जो सांगायचा की सूपमध्ये विष आहे. डिसेंबरात तो वाढला. आंटीनेच मला रात्री फोन केला: “ही आजी नाही. डॉक्टरला बोलव.” गोळ्या-इंजेक्शन चालूच राहिलं, आजही आहे. दोन आवाजांत फरक कुणाला करता आला बघ. मला नाही, डॉक्टरांना नाही. मिकमाक राष्ट्राचे एल्डर अल्बर्ट मार्शल यांनी ‘दोन डोळ्यांनी बघणं’ अशी कल्पना मांडली: एका डोळ्यात इंडिजिनस ज्ञान, दुसऱ्यात पाश्चात्त्य, आणि दोन्ही उघडे. माझा तर एकच डोळा शिकलेला. दुसरा आंटींचा वापरायचा, तर त्या मीटिंगला हव्यात, आणि त्यांचं म्हणणं डॉक्टरांच्या म्हणण्याच्या शेजारी लिहिलं जायला हवं, शेवटी ‘इतर’ खाली नव्हे.

त्याचप्रमाणे डोळ्यांत न बघणं, प्रश्नाला मिनिटभर गप्प राहणं, यावरून ‘भावशून्य’ असं लिहायच्या आधी दहादा विचार कर. धारणीला कोरकू बायका माझ्याशी अशाच बोलायच्या, जमिनीकडे बघत, आणि मी त्यांना ‘भूमकाकडे (त्यांच्या वैदूकडे) आधी का गेलात’ म्हणून झापायचे. पंचवीस वर्षांची होते, आडनावाचा आणि पांढऱ्या कोटाचा दोन्हीचा ताठा. आपल्याकडेही वेगळं करून दाखवलेलं आहेच: गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने १९९३च्या सुमारास शोधग्रामला दवाखाना उभारला तो गोंडांच्या गावासारख्या झोपड्यांचा, नातेवाइकांना राहायला जागा असलेला, आणि नाव दिलं माँ दंतेश्वरी. लोकांना मोठ्या दवाखान्याची भीती वाटते हे त्यांना विचारूनच कळलं होतं. पण इथले इंडिजिनस आणि आपले आदिवासी एकच, असं मात्र समजू नकोस. एवढंच की हा प्रश्न तुला कॅनडात आल्यावर पहिल्यांदा भेटतोय असं नाही.

‘सुरक्षित’ या शब्दाबद्दल एक. तुझा मॅनेजर ज्याला ‘कल्चरली सेफ’ म्हणतो तो शब्द न्यूझीलंडमधून आला, इरिहापेटी राम्सडेन या माओरी नर्सकडून. तिचं म्हणणं असं की सेवा सुरक्षित होती की नाही हे घेणाऱ्याने ठरवायचं, देणाऱ्याने नाही. म्हणजे तू केअर प्लॅनवर ‘सेफ’ची खूण करूच शकत नाहीस, ती तुझी खूण नाही. विनिपेगच्या हॉस्पिटलात २००८ साली ब्रायन सिंक्लेअर हा इंडिजिनस माणूस इमर्जन्सीच्या प्रतीक्षागृहात व्हीलचेअरवर ३४ तास बसून राहिला आणि तिथेच गेला. क्युबेकमध्ये २०२० साली जॉइस एचाक्वान ही इंडिजिनस बाई हॉस्पिटलच्या खाटेवरून स्टाफचं अपमानाचं बोलणं फोनवर दाखवत होती, त्याच दिवशी ती गेली. तुझे रहिवासी हॉस्पिटलला जायला नकार देतात तेव्हा त्यांच्या डोक्यात ही नावं असतात. अशा वेळी आंटी बरोबर गेल्या तर माणूस जातो. तू गेलीस तर कदाचित जातो. ‘नकार, समुपदेशन केले’ एवढं लिहून तो जात नाही.

संशोधन मागितलं तर एकच पुरे, आणि ते इथलंच आहे. चँडलर आणि लालोंद यांनी १९९८ मध्ये दाखवलं की ब्रिटिश कोलंबियातल्या फर्स्ट नेशन्समध्ये तरुणांच्या आत्महत्या सगळीकडे सारख्या नाहीत. निम्म्याहून जास्त समुदायांत त्यांच्या अभ्यासाच्या वर्षांत एकही नव्हती. त्यांनी सहा गोष्टी मोजल्या: स्वशासन, जमिनीचा हक्काचा लढा, शाळा, आरोग्य, पोलीस-अग्निशमन आणि सांस्कृतिक वास्तू. जिथे सहाही स्वतःच्या हातात, तिथे आकडा शून्य. सहापैकी पाच गोष्टी किल्ल्या कुणाच्या कमरेला आहेत याबद्दलच्या आहेत. बुधवारचं ढोलवादन मी तरी त्या यादीत शोधत नाही.

मृत्यूबद्दल लिहायला नको वाटतं, पण तुला लवकरच सामोरं जावं लागेल. एप्रिल २०१६ मध्ये प्रांताने ड्रग्जच्या ओव्हरडोसमुळे आरोग्य आणीबाणी जाहीर केली, तेव्हापासून या भागात नॅलोक्झोन (ओव्हरडोस उतरवणारं औषध) खिशात ठेवूनच आपण फिरतो. माणूस गेला की ऑफिसला खोली रिकामी हवी असते, प्रतीक्षायादी लांब असते. काळ्या पिशव्या येतात. ते करू देऊ नकोस निदान आंटींना विचारल्याशिवाय. वस्तूंना कोणी हात लावायचा, किती दिवसांनी, काय जाळायचं, काय कुणाला द्यायचं, हे प्रत्येक राष्ट्राचं वेगळं असतं. आमच्याकडे आता खोली सीडरने झाडल्याशिवाय दुसऱ्याला दिली जात नाही, आणि ज्यांनी त्या रात्री छाती दाबून त्या माणसाला वाचवायची धडपड केली त्या स्टाफलाही झाडून घ्यायचं का विचारतात. मी दरवेळी ‘हो’ म्हणते. ट्रुथ कमिशनच्या सुनावण्यांत लोक रडायचे तेव्हा सपोर्ट वर्कर ओले टिशू कचऱ्यात टाकू द्यायचे नाहीत. कागदी पिशवीत गोळा करायचे, नंतर पवित्र अग्नीत द्यायचे. आमच्या कॉमन रूममध्ये तशी एक खाकी पिशवी असते. सफाईवाल्या नव्या मुलाने एकदा ती फेकली, तेव्हा आंटींना मी पहिल्यांदा ओरडताना ऐकलं.

माझी दुसरी चूक याच्याशीच जोडलेली. निसगा गृहस्थ तीन आठवडे गायब. तीन अपॉइंटमेंट चुकल्या. मी ‘असहकार’ लिहिलं, ऑफिसने खोली सोडल्याची नोटीस दाराला चिकटवली. ते नास खोऱ्यात गेले होते. तिकडे कुणी गेलं की वडिलांकडच्या कुळाची ठरलेली कामं असतात, मग मेजवानी होते, सगळ्यांसमोर देणंघेणं चुकतं केलं जातं. वर्षाने दगड बसवायचा तेव्हा पुन्हा. न जाणं म्हणजे नाव घालवणं. २०१८ मध्ये तिकडच्या हायवे १६ वरच्या ग्रेहाउंड कंपनीच्या बसही बंद झाल्या, तेव्हा मिळेल त्या गाडीने जायचं आणि यायचं. परत येऊन त्यांनी दारावरची नोटीस पाहिली, घडी करून खिशात ठेवली आणि महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. आता आमच्या फॉर्मवर ‘घरी कार्याला गेले’ अशी अनुपस्थिती आहे. ते वाक्य आंटींचं, टायपिंग माझं.

आंटींबद्दलही थोडं बघ. बहुतेक ठिकाणी डिग्री नाही म्हणून त्यांचा पगार तुझ्यापेक्षा कमी असतो, आणि ज्या अंत्यविधीला तू ड्यूटी म्हणून जातेस तिथे त्या नात्याने जातात. निम्मी बिल्डिंग त्यांना खरोखर नात्यात लागते. आपल्या आचारसंहितेतलं ‘दुहेरी संबंध टाळा’ त्यांना लावणं म्हणजे गावातल्या सुइणीला ‘ओळखीच्या घरी जाऊ नकोस’ सांगणं. त्यांच्या नोट्स दोन ओळींच्या असतात कारण सोहळ्यात काय झालं ते चार्टवर जात नाही, जाऊही नये. तू त्यांना ‘डिटेल्स’ मागू नकोस. मीटिंग सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी ‘प्लीज, एक प्रेअर’ असंही कुणी म्हणत असेल तर तूच अडव. बाहेरून एल्डर बोलावले तर मानधन त्याच दिवशी, पाकिटात, हातात. तीस दिवसांनी बँकेत जमा होणारं इन्व्हॉइस त्यांच्याकडून भरून घेणं यासारखी लाज नाही. न्यायला-आणायला गाडी, गरम चहा, पाठ टेकायला खुर्ची. काही ठिकाणी विनंती करताना तंबाखू कापडाच्या पुरचुंडीत देतात. कुणाला चालतो, कुणाला नाही, ते आंटींना विचार.

आणि सगळ्यांना हे हवं असतंच असं नाही. आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक आजोबा पक्के कॅथलिक, ढोल वाजला की दार लावून घ्यायचे. एकाला फक्त बिंगो (आपला हाउझी) हवा असायचा. त्यांच्यासाठी ‘संस्कृतीपासून तुटलेले’ असं काही लिहू नकोस. रकान्यात ‘बिंगो, गुरुवार’ लिही.

हां, रकाना. सहा महिन्यांनी भरशील तेव्हा तो त्या माणसाच्या शब्दांत असू दे, आणि ते शब्द लिहू का हे त्याला विचारून. तोवर गुरुवारच्या सूपला जा, बटाटे सोल, वही बाहेर काढू नकोस. रिकाम्या हाताने गेलीस तरी चालतं. मी तांदळाची खीर नेते, ती संपते. साखर निम्मीच घाल, डायबेटिस खूप आहे.